काय दिसतं ते सांगा

गुंजाळ सरांच्या कोटाच्या वरच्या खिशात फाउंटन पेन कधी नसायचं. तिथे वस्तरा असायचा. न्हाव्याकडे असतो तसाच, घडीचा, काळ्या मुठीचा. आणि दाढी मात्र चार दिवसांची वाढलेली. हा वस्तरा दाढीसाठी नाही, हे नगरमध्ये सरांना ओळखणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. नव्या माणसाला ते पहिल्या पंगतीत कळायचं.

मला ते एका सहकाऱ्याच्या साखरपुड्यात कळलं. ताटात बुंदीचा लाडू पडला. वाढपी पुढे सरकतो न सरकतो तोच सरांनी वस्तरा उघडला, लाडवाचा एक पातळ काप घेतला, तो बोटावर धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि नवऱ्या मुलीचे मामा शेजारी बसले होते, त्यांना म्हणाले, "चरबीच्या पेशी अगदी अशाच असतात बघा. गोल गोल, एकमेकींना चिकटून बसलेल्या. फक्त कडेला बेदाण्याच्या जागी केंद्रक समजायचं."

मामांनी आपला लाडू ताटाबाहेर ठेवला. सरांनी तो विचारून घेतला आणि खाल्ला. आपण कोणाची भूक घालवली असेल, ही शंका त्यांना कधी यायचीच नाही.

सर आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे प्रमुख होते. मी इतिहास शिकवायचो. मी मेलेल्या राजांवर पोट भरत होतो, ते मेलेल्या बोकडांवर. त्यामुळे आमचं बरं जमायचं. ते मला 'इतिहासाचार्य' म्हणत, आणि त्यात आदर नसे. सावेडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कॉलेजने आम्हा प्राध्यापकांसाठी जोडघरं बांधली होती. दोन बिऱ्हाडांत एकच भिंत; आमच्या भिंतीपलीकडे सर. ती विटेची आहे असा कंत्राटदाराचा दावा होता. तिकडे कोणी शिंकलं की इकडे माझी बायको 'शतायुषी' म्हणायची.

सरांचा विषय म्हणजे टिश्यू, मराठीत ऊतक. शरीराचा तुकडा इतका पातळ कापायचा की त्यातून उजेड आरपार जावा, मग तो रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण काळजाचा ताजा तुकडा हातात घेऊन बघा, तो ओल्या साबणासारखा निसटतो. म्हणून तो आधी फॉर्मॅलिनमध्ये टाकायचा, म्हणजे आहे त्या अवस्थेत गोठतो; याला सर 'फिक्स करणं' म्हणत. मग अल्कोहोलमध्ये घालून त्यातलं पाणी काढायचं, पाण्याच्या जागी वितळलेलं मेण भरायचं, मेणाची वडी थिजली की मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर तिचे काप घ्यायचे. ते काप एकाला एक चिकटून फीत होऊन बाहेर पडतात. ती फीत कोमट पाण्यावर तरंगवायची, म्हणजे सुरकुत्या जातात. शेवटी काचेवर घेऊन रंगात बुडवायचं. सरांच्या तोंडून हे सगळं ऐकताना एखाद्या घरंदाज बाईकडून लोणच्याची कृती ऐकतोय असं वाटायचं.

यातला कच्चा माल मिळवायला सर रविवारी सकाळी मटणाच्या दुकानासमोर उभे राहत. स्वतः शुद्ध शाकाहारी. हातात फॉर्मॅलिनची बाटली.

"मास्तर, आज किती देऊ?" खाटीक विचारायचा.

"अर्धा इंच. काळीज. गरम असताना."

मागे रांगेत उभी असलेली गिऱ्हाइकं या माणसाच्या गरिबीने हळहळायची.

अल्कोहोलची एक गंमत होती. तुकडा एकदम शुद्ध अल्कोहोलमध्ये टाकायचा नाही. आधी तीस टक्के, मग पन्नास, मग सत्तर, असं चढत जायचं. "एकदम शंभरात टाकलं की आक्रसतं," हे सरांचं आवडतं वाक्य. ते फक्त बोकडापुरतं नव्हतं. माझ्या धाकट्या बहिणीने स्वतःचं लग्न स्वतःच ठरवलं आणि आईला सांगायची कामगिरी माझ्यावर आली, तेव्हा मी सरांकडे गेलो. ते म्हणाले, "आज सांगा की बहिणीच्या मैत्रिणीला एक भाऊ आहे. हे तीस टक्के. परवा सांगा, तो बँकेत आहे. पन्नास. मग एक दिवस त्याला चहाला बोलवा आणि काही बोलू नका. सत्तर. पुढचं आईच विचारील." मी तसंच केलं. आई आक्रसली नाही. तेव्हापासून ऊतकशास्त्राबद्दल माझ्या मनात थोडा आदर आहे.

त्यांचं दुसरं वाक्य होतं, "काय दिसतं ते सांगा. काय आहे ते मी सांगतो." सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेल्या प्रत्येकाला ते हे म्हणत. मुलांनी पुस्तकातली नावं घेतलेली त्यांना चालायची नाहीत. "लोब्यूल दिसतंय सर," असं कोणी म्हटलं की ते खवळत. "लोब्यूल असतं! दिसतं काय?" आणि मग स्वतः सांगत, "मध्ये भोक पाडलेलं थालीपीठ. भोकापासून कडेपर्यंत बोटं फिरवल्यासारख्या रेघा. हे काळीज." थायरॉइडची ग्रंथी म्हणजे गुलाबी पाकाने काठोकाठ भरलेल्या वाट्या. मूत्रपिंड म्हणजे वाटीत ठेवलेला शेवयांचा लाडू. हाडाचा काप म्हणजे कांद्याची चकती. मुलं उत्तरपत्रिकेतही तसंच लिहून येत. एका वर्षी पुण्याच्या परीक्षकांनी शेरा पाठवला होता, 'विद्यार्थ्यांना परीक्षेपूर्वी जेवू घालावे.'

इतका स्वयंपाक या माणसाला येतो कुठून, हा प्रश्न मला पडायला हवा होता. चहाचं आधण उतरवतानाही ते हात भाजून घ्यायचे. पण मी इतिहासाचा माणूस. समोर चाललेल्या गोष्टीकडे लक्ष देण्याची आम्हाला सवय नसते.

लक्ष द्यायला जागा पुष्कळ होत्या. उदाहरणार्थ, सर काप घेताना डोळे मिटत. एका हाताने चाक फिरवायचे, मान तिरकी, कान सुरीकडे. "रेशीम फाटल्यासारखं वाजलं की काप उत्तम. कागद फाटल्यासारखं वाजलं की थांबा, सुरी बघा." कॅम्पाकडे जाणाऱ्या लष्कराच्या गाड्यांनी टेबल थरथरलं की ते चाक सोडून हात जोडून बसत आणि गाड्या गेल्या की पुढे सुरू करत. मुलांना हा योगाचा प्रकार वाटायचा. शिपाई किसन तर गावाकडून आलेल्या पाहुण्यांना दारातून दाखवायचा, "बगा, आमचं सर ध्यान लावून कापत्यात."

आणि रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून ऐकू यायचं ते वेगळंच. सरांकडे घरी एक जुना पितळी सूक्ष्मदर्शक होता. लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव होतो त्यातून भिंगारला घेतलेला. कॉलेजातल्या काचा आणि सुरी पेटीत घालून ते घरी आणत, आणि दिवेलागणीला सुरू होई.

"निळं?"

"निळं."

"आत?"

"ठिपका हाय."

"सुरी घे. खाच?"

थोडा वेळ शांतता. मग सरांच्या बायकोचा, अनसूयावहिनींचा आवाज. "न्हाई."

वहिनी राजूरच्या. चौथी शिकलेल्या. सर आपल्या बायकोला ऊतकशास्त्र शिकवतात असा मी निष्कर्ष काढला होता, आणि मला तो प्राध्यापकी हौसेचा कळस वाटायचा. बिचाऱ्या बाईने दिवसभर राबायचं आणि संध्याकाळी बोकडाच्या काळजात ठिपके शोधायचे. "लग्न करून बाईच्या वाट्याला हे असं," मी बायकोला म्हटलं. ती म्हणाली, "निदान ते बायकोला विचारतात तरी, काय दिसतं म्हणून."

मग आला नवा मायक्रोटोम.

जुनं यंत्र म्हातारं झालं होतं. संस्थेने नवं घेतलं, आणि नवं घेतलं म्हणजे उद्घाटन आलंच. खंडेनवमीचा मुहूर्त निघाला, कारण त्या दिवशी हत्यारांची पूजा करतात आणि मायक्रोटोमला सुरी असते. प्रयोगशाळेला आंब्याच्या डहाळ्या लागल्या. यंत्राला हार. संस्थेचे अध्यक्ष आले. मोठे बागाईतदार, दणकट माणूस. त्यांनी ग्रामीण भागात विज्ञान कसं पोचलं यावर भाषण केलं, आणि त्यात मायक्रोटोमला दोनदा 'मायक्रोफोन' म्हणाले. किसनने नारळ फोडला, सुरीला, चाकाला, शेजारच्या कोमट पाण्याच्या ताटलीला, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. त्याच्या हाताला कंजूसपणा ठाऊक नव्हता.

अध्यक्षांनी ऑइल इंजिनचं हँडल मारावं तसं चाक फिरवलं. मेणाची वडी उडून प्राचार्यांच्या मांडीवर पडली. टाळ्या झाल्या. मग सरांनी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

"काय दिसतं ते सांगा."

अध्यक्षांनी बराच वेळ बघितलं. "काळ्या काड्या. वरून खाली लोंबत्यात. हलत्यात बी."

"त्या पापण्या," सर शांतपणे म्हणाले. "आपल्याच आहेत."

मंडळी चहाला गेल्यावर सरांनी नव्या यंत्रावर काप घेतले, त्याच ताटलीत तरंगवले, मुलांनी ते रंगवले, आणि दिवाळीच्या सुट्टीआधीचं शेवटचं प्रात्यक्षिक त्याच काचांवर झालं. काचा घरी गेल्याच नाहीत. मुलांनी जर्नलमध्ये काळीज काढलं आणि त्यात सगळीकडे लालभडक दाणे काढले. एकाने भीतभीत विचारलं, "सर, हे लाल काय आहे?" सर म्हणाले, "दिसतंय ना? मग काढा." सगळ्या जर्नलांवर त्यांनी सही केली. काहींवर 'उत्तम' लिहिलं.

वनस्पतिशास्त्राच्या बोरुड्यांनी सहज म्हणून एका काचेला डोळा लावला आणि ते हसत हसत स्टाफरूममध्ये आले. "अहो, हे कुंकू आहे! गुंजाळांचं बोकड सवाष्ण निघालं!"

दोन दिवस कॉलेजात दुसरा विषय नव्हता. सरही हसले. पण मी बघत होतो, ते उशिरा हसले, इतरांचं हसणं ऐकून.

प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. ते हसत नव्हते. "संक्रांतीनंतर विद्यापीठाची समिती येतेय. प्राणिशास्त्राचा स्पेशल विषय आपल्याला द्यायचा की नाही, ते ठरवणार. समितीचे अध्यक्ष याच विषयातले आहेत. विभागप्रमुखांपुढे काच ठेवतात आणि विचारतात, ओळखा. गुंजाळांना कुंकू ओळखता आलं नाही. तुम्ही शेजारी आहात. काय भानगड आहे बघा. विषय गेला तर मी त्यांना प्रयोगशाळेत ठेवू शकणार नाही. दुसरा प्रमुख आणावा लागेल."

गुंजाळ सरांना प्रयोगशाळेतून काढणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. त्या माणसाला दुसरं काहीच येत नव्हतं. चहासुद्धा.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. तीस टक्क्यांनी सुरुवात करायची, असं मनाशी ठरवून गेलो होतो. दार उघडंच होतं. सर आरामखुर्चीत बसले होते, डोळे मिटून, हात पोटावर. खिडकीशी वहिनी पाटावर पाट ठेवून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, पिठाचे हात.

"मधी भोक हाय. त्याच्या भवतीनं थालपिठावानी. कडंला तीन बारकी भोकं हायेत, येकापाशी येक."

"त्यातलं एक निळसर कडेचं?"

"व्हय. तेच सगळ्यात बारकं."

सर ओठातल्या ओठात पुटपुटले. पाठ करत होते. त्या क्षणी मला त्यांची इतक्या दिवसांची थालीपिठं, वाट्या, शेवयांचे लाडू, सगळ्याचा उगम कळला.

वहिनींनी मान वर केली आणि मला पाहिलं. सरांना मी दिसलोच नाही, आणि मी दारात उजेडात उभा होतो.

"भावजी आल्यात," वहिनी म्हणाल्या. "बरं झालं आलात. आता तुमीच सांगा यास्नी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाय. दोन वर्सं झाली. मान्सं वळकत्यात ती आवाजावरनं. आपरेशन म्हटलं की उठून जात्यात."

सर म्हणाले, "इतिहासाचार्य, बसा. खाली बघून बसा, काचा आहेत."

मी टक्केवारी विसरलो आणि एकदम शंभरात उडी मारली. समितीचं सांगितलं, प्राचार्यांचं सांगितलं. सर आक्रसले. खुर्चीत खरोखर लहान झाले.

"डॉक्टर मंडळी हुशार असतात," ते म्हणाले. "पण मी आयुष्यभर सुऱ्या बघितल्यात. नव्याकोऱ्या सुरीलाही खाच असते. केसापेक्षा बारीक. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही. पण काप घेतला की त्यात ती उभी रेघ होऊन उमटते. दर कापात, त्याच जागी. बोकडाचं काय, तो काप टाकतो मी आणि सुरी सरकवून दुसरा घेतो." ते थांबले. "डोळ्याचा दुसरा काप घेता येत नाही."



"मग सुरी बघून घ्या," मी म्हणालो.

"कशाने बघू?"

वहिनी पीठ झटकत म्हणाल्या, "मी बगते की. रोज कोन बगतं?"

आता मी शहाणा झालो होतो. पुढचं सगळं पायरीपायरीने केलं. नगरमध्येच डॉक्टर साळवे डोळ्यांची शस्त्रक्रिया करायचे. एका रविवारी मी त्यांना नुसतं चहाला आणलं. ते क्रिकेटवर बोलले आणि गेले. पुढच्या वेळी त्यांनी सरांच्या जुन्या सूक्ष्मदर्शकाची मनापासून तारीफ केली. तिसऱ्या खेपेला सरांनीच विचारलं, "तुमची सुरी कोणत्या दगडावर लावता?" आणि मग दोघं धारेवर इतका वेळ बोलत बसले की माझी बायको भिंतीवर टकटक करून म्हणाली, "जेवायला येताय का?"

"बघून घ्यायची आहे म्हणता?" डॉक्टर हसले. "बघा की. मात्र उकळायच्या आधी. नंतर तिला देवालाही हात लावू देणार नाही."

दिवाळीच्या सुट्टीत एका सकाळी आम्ही चौघं दवाखान्यातल्या एका लहान खोलीत जमलो. टेबलावर सरांचा पितळी सूक्ष्मदर्शक. तो मी रिक्षात मांडीवर घेऊन आणला होता, लहान मूल आणावं तसा. सर स्टुलावर, अंगात दवाखान्याचा पांढरा सदरा. पहिल्यांदाच त्यांच्या खिशात वस्तरा नव्हता, आणि त्यांचा हात सारखा तिकडे जात होता. डॉक्टरांनी एक नाजूक लांबट सुरी चिमट्यात धरून काचेवर ठेवली.

वहिनींनी डोळा लावला. त्या नवं लुगडं नेसल्या होत्या. हाताने स्क्रू फिरवला, थोडा पुढे, थोडा मागे.

सरांनी डोळे मिटले. "खाच?"

"न्हाई," वहिनी म्हणाल्या.

"दोन्ही बाजू?"

"न्हाई म्हन्ते ना."

सर उठले. "चला डॉक्टर."

त्यांना आत नेलं. दार लोटलं गेलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. वहिनी समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. भिंतीवर निरनिराळ्या आकाराची अक्षरं टांगली होती. बऱ्याच वेळाने त्यांनी पदराने नाक पुसलं.

"भावजी, येक सांगू? कुनाला बोलू नगा."

"बोला की वहिनी."

"मला काई दिसलंच न्हाई. डोळ्यांत पानी आल्तं. नुसतं पांढरं पांढरं." त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "आजपातुर कदी खोटं सांगितलं न्हाई त्यास्नी. निळं तर निळं, काळं तर काळं. आन् आजच..."

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते आता आठवत नाही. डॉक्टर स्वतः सुरी तपासतात, हजारो डोळे झाले असतील, असलं काहीतरी. त्यांनी ते ऐकलं नाही. त्या दाराकडे बघत बसल्या. त्यांच्या दृष्टीने जगात एकच सुरी होती आणि तिची जबाबदारी त्यांच्यावर होती.

शस्त्रक्रिया झाली. सरांना कॉटवर उताणं निजवलं, डोळ्यांवर पट्ट्या, मान हलू नये म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, "या इतिहासाचार्य. मला फिक्स केलंय. आता मेणात बुडवायचं तेवढं बाकी आहे." शेजारच्या कॉटवरच्या शेतकऱ्याने घाबरून नर्सला हाक मारली.

पट्टी सुटायच्या दिवशी वहिनी खोलीत आल्याच नाहीत. बाहेर दाराआड उभ्या राहिल्या, हातात डबा घट्ट धरून. डॉक्टरांनी भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "सर, एकही रेघ नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर उत्तम काप." दाराबाहेर डब्याचं झाकण खणकन खाली पडलं.

जाड भिंगांचा चष्मा यायला वेळ लागला. तो आल्यावर सरांचे डोळे काचेआड एवढे मोठे दिसायला लागले की पहिल्या बाकावरच्या मुली मागे जाऊन बसल्या. सरांनी सर्वांत आधी कुंकवाच्या काचा मागवल्या आणि पोटभर हसून घेतलं. या वेळी आपले आपण. मग सगळ्या मुलांच्या जर्नलांत 'उत्तम' खोडून 'कुंकू' लिहिलं.

समिती आली. ते दुष्काळाचं वर्ष होतं. पाहुण्यांना अर्धाअर्धा पेला पाणी मिळालं, कारण उरलेलं सरांनी काचा धुवायला राखून ठेवलं होतं. समितीच्या अध्यक्षांनी खिशातून स्वतःची काच काढली, सरांपुढे ठेवली आणि म्हणाले, "ओळखा."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळा लावला. मी दारात उभा राहून श्वास धरून होतो. प्राचार्यांनीही धरला होता.

"गुलाबी पाकाने भरलेल्या वाट्या," सर म्हणाले. "पण दोन वाट्यांतला पाक आटलाय. थायरॉइड. आणि साहेब, आपल्या सुरीला खाच आहे."

अध्यक्षांनी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि मग, माणूस दिलदार असावा, मोठ्याने हसले. विषय मिळाला. स्टाफरूममध्ये पेढे वाटले गेले आणि सरांनी पेढ्याचा काप घेतला.

त्या संध्याकाळी मी घरी वर्तमानपत्र वाचत पडलो होतो. आता भिंतीपलीकडे शांतता असेल, असं मी धरून चाललो होतो. सरांना सगळं दिसत होतं. रस्त्यावर ते आता मला लांबून ओळखत आणि लांबूनच टोमणे मारत. वहिनींना संध्याकाळ मोकळी मिळाली, असं मी बायकोला म्हणणारच होतो.

तोच पाट सरकल्याचा आवाज आला.

"काय दिसतं ते सांग."

"तुमाला दिसतंय की आता."

"मला दिसतं ते मला ठाऊक आहे. तुला काय दिसतं?"

बांगड्या वाजल्या. मग वहिनींचा आवाज, जरा लटका रागावलेला. "निळं हाय. मधी ठिपका."

"घाई नको. नीट बघ. एकदा घाई केलीस तेवढी पुरे."

इकडे मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"तुमाला... ठावं हुतं?"

"दोन वर्षं रोज ऐकतोय," सर म्हणाले. "खाच बघायला तुला किती वेळ लागतो, ते मला ठाऊक नाही का? त्या दिवशी तू श्वाससुद्धा घेतला नाहीस, लगेच म्हणालीस न्हाई."

"मग आत गेलात कशाला वो?"

खुर्ची करकरली, एवढंच. मग सर म्हणाले, "बरं, ठिपका किती मोठा? मोहरीएवढा की राळ्याएवढा?"

"थांबा की. बगू तर द्या," वहिनी म्हणाल्या. आणि या वेळी त्यांनी चांगला वेळ घेतला.